हॉगस्टॅडांच्या घरी सगळं उत्तम आहे

सरकार बंद पडल्यावर खासदार वर्लिन हॉगस्टॅडला पहिला धक्का बसला तो हा, की ते बंद पडलंय हे लूनवुडमध्ये कुणाच्या लक्षातच आलं नाही. मिनेसोटाच्या उत्तर टोकाच्या या गावात त्या दिवसांत माणसं तळ्यातून नावा बाहेर काढण्यात, लाकडं रचण्यात आणि शिकारीच्या बंदुका पुसण्यात गुंतलेली असतात. राजधानीत दोन पक्ष खर्चाच्या विधेयकावरून एकमेकांच्या उरावर बसलेत, आणि ते मंजूर होईपर्यंत सरकारी तिजोरीला कुलूप आहे, ही बातमी लोकांनी 'असं का' म्हणून ऐकली आणि पुन्हा लाकडं रचायला घेतली. मग तळ्याकाठच्या सरकारी उद्यानातलं शौचालय बंद झालं. त्या दिवशी दुपारी खासदारांच्या कचेरीतला फोन जो वाजायला लागला तो थांबेना.

सगळ्यांचा प्रश्न एकच. "वर्लिन, तू काय करतोयस?"

याचं खरं उत्तर असं होतं, की तो अंगणातली पानं गोळा करत होता. समझोता होईपर्यंत सभागृहाचं कामकाज तहकूब करून सगळ्या खासदारांना घरी पाठवलेलं होतं. उत्तर खरं असलं तरी जाहीर सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय गेल्या निवडणुकीत वर्लिन इतक्या थोड्या मतांनी निवडून आला होता, की ती मतं आपल्याच माहेरच्या माणसांची होती असं त्याची बायको मार्लिस दर नाताळात जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवायची, आणि हिशेबाच्या दृष्टीने तिचं चुकत नसे. पुढची निवडणूक वर्षभरावर आली होती.

"दर आठवड्याला दोन मिनिटांचा व्हिडिओ," ब्रिजेट म्हणाली. ब्रिजेट कोवाच त्याची स्थानिक कचेरी सांभाळायची. वर्लिनपेक्षा ती वयाने लहान होती आणि बाकी बहुतेक बाबतींत मोठी. "मतदारांना ताजी माहिती. स्वयंपाकघरातून. टाय नको, जुना स्वेटर घाला. लोकांना वाटलं पाहिजे की हा आपल्यातलाच आहे."

"मी त्यांच्यातलाच आहे."

"आहात हो. पण तसं वाटत नाही ना."

आता पहिल्याच दिवशी ताजी माहिती द्यायची तर काहीतरी माहिती हवी. ती वर्लिनपाशी होती. सरकारी नोकरांना पगार मिळत नसताना आपण पगार घेणं बरं दिसत नाही, म्हणून तो थांबवायला त्याने राजधानीत फोन केला होता. तिकडच्या अत्यंत सभ्य गृहस्थाने समजावून सांगितलं, की खासदाराच्या पगाराची तरतूद घटनेतच आहे, सरकार बंद पडलं तरी तो थांबत नाही आणि खासदाराने हात जोडले तरीही थांबत नाही. फार तर वेगळ्या खात्यात टाकून हात न लावण्याची सोय होते. वर्लिनने ती सोय करून घेतली. हा सगळा तपशील दोन मिनिटांत बसेना. म्हणून व्हिडिओत तो एवढंच म्हणाला, "इथल्या सरकारी नोकरांच्या हातात जोवर पगार पडत नाही, तोवर मीही एक सेंट घेणार नाही."

वाक्य छान जमलं. दुर्दैवाने ते ज्या सकाळी जमलं, त्याच सकाळी मार्लिसने फ्रिज साफ करायला काढला होता. आतलं सामान तिने गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरवर नेऊन ठेवलं होतं. त्या फ्रीझरमध्ये अर्धं हरीण, तळ्यातले मासे आणि मार्लिसच्या आईने पाठवलेली ब्लूबेरी इतकी ठासून भरलेली होती, की झाकण लावायला वर्लिनला त्यावर बसावं लागे. पण गॅरेज व्हिडिओत आलं नाही. व्हिडिओत आला तो वर्लिनच्या मागे सताड उघडा फ्रिज, आतला लख्ख दिवा, आणि त्या दिव्याच्या उजेडात मोहरीच्या सॉसची एक बाटली आणि अर्धा कांदा.

त्यात वर्लिन उन्हाळ्यापासून रोडावलेला. डॉक्टरांनी साखरेवरून दम भरला होता. जुन्या स्वेटरचा गळा त्याच्या मानेभोवती असा लोंबत होता, की मान मध्येच कुणीतरी काढून घेतल्यासारखी वाटावी. आणि शेवटी, 'एक सेंट घेणार नाही'च्या नंतर जी शांतता पसरली, तिच्यात फोन धरून हात अवघडलेल्या मार्लिसचा उसासा स्पष्ट ऐकू आला.

दुपारच्या आत दारात पहिली हॉटडिश आली.

लूनवुडमध्ये माणसाच्या संकटाचं मोजमाप हॉटडिशमध्ये होतं. एका खोल काचेच्या भांड्यात खिमा, वाटाणे, डब्यातलं मश्रूम सूप, वरून बटाट्याच्या तळलेल्या बुटक्या गोळ्यांचा थर, आणि भट्टीत घालून लालसर होईपर्यंत भाजायचं. पाय मोडला तर दोन येतात, गोठा जळाला तर सात-आठ. माणूस गेला तर मोजायच्या नसतात. भांड्याखाली चिकटपट्टीवर आपलं नाव लिहायचं, दार वाजवायचं, संकटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हवेबद्दल बोलायचं आणि निघायचं.

डेल्फीन टॉर्गरसन मात्र बोलली. ती विरोधी पक्षाची जिल्हाध्यक्ष होती आणि चर्चच्या मुदपाकखान्याचीही अध्यक्ष होती. यातलं कुठलं पद मोठं, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

"डेल्फीन, आम्हाला काही कमी नाही गं," वर्लिन दारातच म्हणाला.

"हो, दिसलं ना फ्रिजमध्ये."

"अगं, तो आम्ही साफ करत होतो!"

"साफ झालाय खरा." तिने भांडं त्याच्या हातात दिलं. "हे बघ वर्लिन, मी तुला मत दिलेलं नाही, पुढेही देणार नाही. पण म्हणून तू उपाशी राहावंस असं काही माझं म्हणणं नाही. भट्टी तीनशे पन्नासवर, चाळीस मिनिटं."

संध्याकाळपर्यंत चौदा भांडी आली. त्यांतली नऊ, मार्लिसने नावं वाचून सांगितलं त्याप्रमाणे, विरोधी पक्षाची होती.

ब्रिजेट आली ती टेबलाकडे बघून दारातच थांबली. "कुणी काही खाल्लं तर नाही ना?"

"अजून नाही. का?"

"खासदाराला भेट घेता येत नाही. म्हणजे काही घेता येते, काही येत नाही. शंका असेल तर आधी सभागृहाच्या सल्ला कार्यालयाला विचारावं, असा नियम आहे."

"मग विचार की."

"विचारलं. निधीअभावी कार्यालय बंद आहे, अशी टेप वाजते."

"मग आता?"

"मग शंका कायम."

परत करणं तर शक्यच नव्हतं. लूनवुडमध्ये हॉटडिश परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या आईला नावं ठेवण्यासारखं, कारण कृती बहुधा आईचीच असते. तेव्हा खायचं नाही, परत करायचं नाही आणि टाकायचं तर मुळीच नाही, असा तिहेरी तोडगा निघाला. ज्या माणसाला डॉक्टरांनी बटाटा बंद केलाय, तो पुढचे काही दिवस चौदा प्रकारच्या भाजलेल्या बटाट्यांच्या वासात उकडलेली ब्रोकोली खात बसला. लोकसेवेत त्याग करावा लागतो, हे तो भाषणात नेहमी म्हणायचा. त्याचा वास असा असेल याची त्याला कल्पना नव्हती.

सल्ले यायला वेळ लागला नाही. न्हाव्याने सांगितलं, बँकेतली शिल्लक दाखव. हार्डवेअरच्या दुकानदाराने सांगितलं, शिल्लक अजिबात दाखवू नकोस. पाद्रीबुवांनी सांगितलं, देणाऱ्याचा आनंद हिरावून घेऊ नये, आणि जाताना स्वतःच्या बायकोचं भांडं ठेवून गेले. एकट्या आर्व्हो नीमीने सल्ला दिला नाही. तो कुंपणापलीकडे राहायचा.

आर्व्हो हवामान केंद्रात होता. हवामान अत्यावश्यक असल्यामुळे त्याला कामावर जावं लागत होतं, आणि पगार अत्यावश्यक नसल्यामुळे तो मिळत नव्हता. रोज सकाळी गावातलं रेडिओ केंद्र त्याला फोन करायचं आणि तो दिवसाचं हवामान सांगायचा. दिवसभरात तो जे काही बोलायचा त्यातला निम्मा भाग तोच.

"दुसरा व्हिडिओ करून एकदा खुलासाच करून टाकतो," वर्लिन कुंपणावर कोपर टेकून म्हणाला.

"नको करूस."

"का बरं?"

आर्व्होने बराच विचार केला. "उगाच," तो म्हणाला.

वर्लिनने दुसरा व्हिडिओ केला. ब्रिजेटच्या मते फ्रिज रिकामा दिसल्यामुळे घोटाळा झाला, तेव्हा भरलेला फ्रिज दाखवला की निस्तरेल. फ्रिजमध्ये हॉटडिशशिवाय दुसरं काही ठेवायला जागाच उरली नव्हती. मार्लिसने एकावर एक भांडी रचली, दार उघडं ठेवलं आणि वर्लिन त्याच्यापुढे उभा राहून हसत म्हणाला, "आमची काळजी करू नका. आम्ही अगदी मजेत आहोत. घरी सगळं उत्तम आहे!"

इथे खासदारांच्या बुद्धीची कीव करावी तेवढी थोडी. हा माणूस लूनवुडमध्ये जन्मला, लूनवुडमध्ये वाढला. लूनवुडमध्ये म्हातारा ऑस्मंड ट्रॅक्टरखाली अडकून पडला होता, आणि लोक धावत गेले तेव्हा 'वाईट नाही' म्हणाला होता. इथे माणसाला खरंच बरं असेल तर तो कुरकुरतो. गुडघा दुखतो म्हणतो, पेट्रोल महागलं म्हणतो. 'चाललंय' म्हणाला तर शेजारी कान टवकारतात. 'वाईट नाही' म्हणाला तर बायका भट्टी पेटवतात. आणि 'अगदी मजेत, सगळं उत्तम' असं हसत हसत कुणी म्हणाल्याचं लूनवुडच्या इतिहासात नव्हतं. लोकांनी एवढाच अर्थ काढला, की हॉगस्टॅडांचं घर लिलावात निघालंय.

शिवाय प्रत्येकीने व्हिडिओ थांबवून फ्रिजमध्ये आपलं भांडं शोधलं. जिला दिसलं तिने पाहिलं की ते न खाता तसंच आहे; पुरवून पुरवून खातायत बिचारे. जिला दिसलं नाही तिने गृहीत धरलं की संपलं, आणि दुसरी पाठवली.

त्याच आठवड्यात आर्व्होच्या अंगणात बर्फावरच्या घराला पाटी लागली: विकणे आहे.

बर्फावरचं घर म्हणजे एक खोलीएवढी लाकडी खोपटी. तळं गोठलं की ती ओढत बर्फावर न्यायची, आत शेगडी पेटवायची, जमिनीतल्या भोकातून गळ सोडायचा आणि वसंतापर्यंत कुणाशी बोलायचं नाही. आर्व्होची खोपटी त्याने आणि त्याच्या वडिलांनी मिळून बांधली होती. तिला खिडकी होती, दोन बाकं होती, आणि दुसऱ्या बाकावर गेली वीस-बावीस वर्षं दर हिवाळ्यात वर्लिन बसत आला होता.

"नवीन घेतोस की काय?" वर्लिनने विचारलं.

"बघू."

"सगळं ठीक ना?"

"वाईट नाही."

आणि वर्लिन 'छान' म्हणून घरात गेला. त्याच्या डोक्यात त्या वेळी डेल्फीन होती. चर्चच्या तळघरात शनिवारी संध्याकाळी 'वर्लिन आणि मार्लिस यांच्या मदतीसाठी स्पॅगेटीचं जेवण आणि मांसाची सोडत' असा फलक गावभर लागला होता. फलकावर त्याचा फोटो होता. पहिल्या व्हिडिओतला. फ्रिजसकट.

"हे घेतलंत तर संपलं," ब्रिजेट म्हणाली. "हॉटडिशबद्दल निदान शंका तरी आहे. रोख मदतीबद्दल शंकासुद्धा नाही. पगार खात्यात जमा होतोय आणि खासदार चर्चमध्ये देणगी गोळा करतोय. पुढच्या वर्षी हाच फलक ते प्रचारात वापरतील, नवा छापायचीही गरज नाही."

"मग जातच नाही."

"तुमच्यासाठी अख्खा गाव जेवायला येणार आणि तुम्हीच नाही? मग तर या वर्षीच संपलं."

शुक्रवारी आर्व्हो दारात आला. हातात बायकोने भरलेलं काचेचं भांडं. तो पायपुसण्यावर उभा राहिला आणि वर्लिनच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत म्हणाला, "सिल्वियाने दिलंय. वायव्येचा वारा सुटणार आहे." आणि गेला.

मार्लिसने झाकण काढलं. तिने चमचा तळापर्यंत घालून वर काढला.

"वर्लिन, बटाट्याचे गोळे नाहीत रे यात."

"बरंच की. मला बंदच आहेत."

"वरून बिस्किटांचा चुरा घातलाय. खाली नुसता भात. मांस चमचाभर. सिल्विया नीमी, जिने जत्रेत हॉटडिशला पहिल्या नंबरची निळी फीत जिंकलीय, ती बिस्किटांचा चुरा घालते?" तिने झाकण खाली ठेवलं. "आणि तो बर्फावरचं घर विकतोय. आत्ता. तळं गोठायला आलंय तेव्हा. शहरातला कुणीतरी रविवारी ट्रक घेऊन न्यायला येतोय. मला सिल्वियाने सांगितलं. म्हणाली, वाईट नाही."

वर्लिन खाली बसला. गेले कित्येक दिवस त्याच्या घरात बटाट्याचा नुसता खच पडला होता, आणि कुंपणापलीकडे ज्या माणसाचा पगार खरोखर थांबला होता त्याने आपल्या घरातलं उरलंसुरलं रचून, वर चुरा घालून, ते इकडे आणून दिलं होतं. का, तर खासदार उपाशी आहे.

ब्रिजेट आली तेव्हा दोघं नवराबायको ते भांडं चमच्याने खरवडत होते.

"हे काय! खाल्लंत?"

"खाल्लं," वर्लिन म्हणाला.

"नियम?"

"हे आर्व्होच्या घरून आलं होतं."

ब्रिजेटने रिकाम्या भांड्याखालचं नाव वाचलं आणि नियमाचा विषय पुन्हा काढला नाही.

खासदार तडक कुंपणावर गेले. "आर्व्हो, तुझं बर्फावरचं घर मी घेतो. सांग काय द्यायचं ते."

"तुझ्याकडे पैसे कुठले?"

"अरे, आहेत!"

"तुला पगार नाही. मी व्हिडिओ पाहिला."

"पगार येतोय रे! वेगळ्या खात्यात जातोय."

आर्व्होने पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "मग व्हिडिओत खोटं बोललास?"

"खोटं नाही... म्हणजे दोन मिनिटांत बसेना."

"हं," आर्व्हो म्हणाला. वीस-बावीस हिवाळ्यांच्या सवयीमुळे वर्लिनला कळलं, की हा हं चांगला नव्हता, विश्वास बसल्याचा तर नव्हताच. "घराचं ठरलंय माझं. तू आधी स्वतःचं बघ. सरकार उघडलं की येईल आमचाही पगार." आणि तो लाकडं रचायला वळला.

शनिवारी चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लांबलांब टेबलांवर कागदी आच्छादनं, त्यावर स्पॅगेटीची परातीएवढी भांडी, भिंतीशी सोडतीची बक्षिसं: बर्फात ठेवलेली डुकराच्या मांडीची हॅमं, सॉसेजच्या माळा, एक अख्खा टर्की. मध्यभागी आइसक्रीमची रिकामी बादली, आणि तीत लोक घड्या घातलेल्या नोटा दुसरीकडे बघत टाकत होते. आर्व्हो आणि सिल्विया कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. आर्व्होनेही बादलीत काहीतरी टाकलं, ते वर्लिनने पाहिलं आणि आपलं ताट बाजूला सारलं.

डेल्फीनने माइक हातात घेतला. "आपल्यात राजकारण आहे. पण ते वरच्या मजल्यावर. हे तळघर आहे. वर्लिन, ये बाबा, दोन शब्द बोल आणि ही बादली घेऊन जा."

वर्लिन उभा राहिला. त्याने ठरवलं होतं त्याप्रमाणे सगळं खरं सांगितलं. फ्रिज साफ करत होतो. गॅरेजमध्ये अर्धं हरीण आहे. पगार घटनेमुळे थांबत नाही, खात्यात पडून आहे. मी बारीक दिसतो ते साखरेमुळे. तुमचे उपकार मोठे, पण आम्हाला कशाचीही गरज नाही.

पुढच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी रुमाल काढले.

"किती मानी आहे," एक म्हणाली.

"अर्धं हरीण म्हणे," दुसरी म्हणाली. "बिचारा."

ब्रिजेटने डोळे मिटून घेतले. वर्लिन माइक धरून उभा होता. खोटं बोलून फसला होता, आता खरं बोलूनही फसला होता, आणि राजकारणात तिसरा मार्ग त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याची नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. सिल्विया मान खाली घालून बसली होती. आर्व्हो सावकाश स्पॅगेटी काट्याला गुंडाळत होता, उद्या सकाळी ट्रक येणार असलेल्या माणसाने गुंडाळावी तशी.

आणि मग खासदार वर्लिन हॉगस्टॅडला कारकिर्दीत पहिल्यांदा आपला मतदारसंघ कळला.

"आता उरलेली माहिती," तो म्हणाला. "मतदारांना माहिती देणं हे माझं काम आहे. आपले शेजारी आर्व्हो आणि सिल्विया. त्यांच्या घरी सगळं उत्तम आहे."

एक काटा बशीवर वाजला.

"मी कुंपणावरून स्वतः विचारलं. म्हणाला, वाईट नाही. बर्फावरचं घर विकतोय, वडिलांबरोबर बांधलेलं. पण ते आपलं उगाच. उद्या सकाळी ट्रक येतोय. तो अगदी मजेत आहे."

आता सगळे काटे थांबले होते. आर्व्होचे कान हळूहळू लाल होत गेले.

"सरकारी मत्स्यबीज केंद्रात काम करणारी चौघं, त्यांनाही मी काल फोन केला. म्हणाली, चाललंय. विमानतळावर सरकारतर्फे सामान तपासणारी जिनेल. ती तर हसली. म्हणाली, काही कमी नाही, छान चाललंय. कुणाची काही काळजी करायचं कारण नाही. एवढीच माहिती होती."

डेल्फीन टॉर्गरसन पुढे झाली. तिने त्याच्यापुढची बादली उचलली. "वर्लिन, खाली बस," ती म्हणाली, आणि बादली घेऊन मुदपाकखान्यात गेली. ती बादली नंतर कुणाला दिसली नाही. फक्त मुदपाकखान्यातून कुणीतरी कोटांच्या खुंट्यांपाशी जाऊन आलं, आणि जिनेलने घरी गेल्यावर कोटाच्या खिशात हात घातला तेव्हा तिला काय मिळालं, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि म्हणून सगळ्यांना कळलं.

मग सोडत झाली. डेल्फीनने पहिली चिठ्ठी उघडली, स्वतःशीच वाचली आणि घडी घालून खिशात टाकली. "मोठं हॅम. आर्व्हो नीमी."

"मी तिकीट घेतलंच नव्हतं," आर्व्हो म्हणाला.

"घेतलं होतंस. विसरला असशील."

"नाही घेतलं, डेल्फीन."

"चर्चमध्ये माझ्याशी हुज्जत घालू नकोस. पुढची चिठ्ठी. टर्की. सिल्विया नीमी. बघ, नशीब आहे एकेकाचं. सॉसेज. मत्स्यबीज केंद्र."

"केंद्राने तिकीट घेतलं?" मागून कुणीतरी विचारलं.

डेल्फीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा काही विचारणार नव्हता. पुढच्या अर्ध्या तासात सरकारी पगारावर न जगणाऱ्या एकाही माणसाला एक सॉसेजही लागलं नाही, आणि एवढ्या उघड लबाडीबद्दल लूनवुडच्या त्या सचोटीच्या तळघरातून एक ब्रही निघाला नाही. उलट लोक प्रत्येक नावाला टाळ्या वाजवत होते.

रविवारी सकाळी शहरातला माणूस ट्रक घेऊन आला. आर्व्होच्या गल्लीत त्याला वळता येईना. रस्ताभर नावा उभ्या होत्या. गाड्यांच्या मागे जोडलेल्या, नुकत्याच तळ्यातून काढलेल्या, हिवाळ्यासाठी झाकून ठेवलेल्या आणि सकाळी सकाळी पुन्हा उघडलेल्या. प्रत्येक नावेपाशी एकेक माणूस फडकं घेऊन उभा.

"जरा हलवता का?" तो म्हणाला.

"धुतोय," पहिला म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

पहिल्याने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने आकाशाकडे. "वसंतापर्यंत होईल," तो म्हणाला.

दुपारी ट्रक परत गेला. संध्याकाळी 'विकणे आहे'ची पाटी नाहीशी झाली. ती आर्व्होने काढली की कुणी, ते कळलं नाही. नीमींच्या दारात तोपर्यंत अकरा हॉटडिश आल्या होत्या, वर बटाट्याच्या गोळ्यांचे भरगच्च थर.

आर्व्हो मात्र वर्लिनशी बोलेनासा झाला. आधीही तो फार बोलत होता असं नाही, पण आता त्याचं न बोलणं वेगळं होतं. वर्लिन कुंपणावर गेला की तो लाकडांच्या पलीकडे जायचा. शेवटी एकदा त्याने तोंड उघडलं. "गावासमोर माझ्याबद्दल तू 'मजेत आहे' म्हणालास," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर. चर्चमध्ये."

"अरे, पण खोपटी राहिली ना?"

"राहिली," आर्व्हो म्हणाला, आणि कुऱ्हाड उचलून पुढचं लाकूड फोडलं.

यथावकाश राजधानीत दोन्ही पक्षांना आपापला विजय सापडला आणि सरकार उघडलं. वर्लिन जाऊन मत देऊन आला. पगार सुटले, शौचालय उघडलं. सल्ला कार्यालयाकडून ब्रिजेटला लेखी उत्तर आलं, की आपला प्रश्न मिळाला, परंतु हॉटडिश म्हणजे काय हे स्पष्ट न केल्यामुळे मत देता येत नाही. मार्लिसने सगळी भांडी घासली, प्रत्येकात ब्लूबेरीचा केक भाजला, कारण रिकामं भांडं परत देत नाहीत, आणि खासदारांनी दोन दिवस गाडी घेऊन घरोघर परतफेड केली. डेल्फीनने केक चाखला. "बरा आहे," ती म्हणाली. "मत नाही देणार."

तळं गोठलं. एका सकाळी आर्व्होची खोपटी बर्फावर गेलेली वर्लिनला खिडकीतून दिसली. धूर निघत होता. दुसऱ्या बाकाबद्दल विचारावं की नाही, याचा विचार करत तो कॉफी घेऊन टेबलाशी बसला. मार्लिसने सवयीप्रमाणे रेडिओ लावला. ब्लूबेरी संपली होती, फ्रिज अखेर साधासुधा भरलेला होता, आणि व्हिडिओ बंद केल्यापासून घरात कमालीची शांतता होती.

"आज वारा वायव्येकडून," रेडिओत आर्व्होचा आवाज आला, नेहमीचा, सपाट. "दुपारनंतर हलका हिमवर्षाव. रात्री पारा शून्याच्या बराच खाली. बर्फाची जाडी माणसाला पुरेशी, ट्रकला नाही."

मग तो थांबला. इतक्या वर्षांत आर्व्हो नीमी हवामानाच्या शेवटी कधी थांबला नव्हता. वर्लिनने कप खाली ठेवला.

"आणि आमचे शेजारी, हॉगस्टॅड," आर्व्हो म्हणाला. "काल कुंपणावरून पाहिलं. त्यांच्या घरी सगळं उत्तम आहे. दोघंही अगदी मजेत आहेत. त्यांची काही काळजी करायचं कारण नाही."

रेडिओवर जाहिरात सुरू झाली. नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं. बाहेर अंगणात बर्फ करकरलं, पहिली गाडी वळली, तिच्यामागे दुसरी. मार्लिस उठली आणि तिने ओव्हन तीनशे पन्नासवर लावला.